लिनक्सच्या संगणकास कोणतें ग्राफिक्स कार्ड?

ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० या प्रणालीस मिळणारी नित्याची दुरुस्ती बंद झाली आणि घरोघरच्या जुन्या संगणकांचें काय करावें, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढें उभा राहिला. धडधाकट यंत्र भंगारांत घालणें ज्यांच्या जिवावर आलें, त्यांच्यापैकीं कांहींनीं त्यावर लिनक्स बसवून तें दिवाणखान्यांतील टीव्हीला जोडलें. नाटक, कीर्तन, जुनीं गाणीं आणि घरच्या लग्नकार्याचीं चित्रणें, एवढें त्यावर पाहतां आलें म्हणजे झालें, इतकीच अशा गृहस्थाची अपेक्षा असते. लिनक्स बसतें, आवाज येतो. परंतु नातीच्या लग्नाचें मोबाइलवर घेतलेलें चित्रण लावलें, कीं चित्र अडखळूं लागतें आणि यंत्राचा पंखा घोंघावूं लागतो. मग कोणी सुचवितो, 'एक ग्राफिक्स कार्ड बसवा.' निवृत्तिवेतनांतून बाजूस काढलेले चार पैसे घेऊन गृहस्थ दुकानाची पायरी चढतो. आणि ते पैसे वायां जाण्याचा संभव तेथेंच अधिक असतो.

चित्र कां अडखळतें हें समजण्यास थोडें गणित करावें लागेल. हल्लींच्या मोठ्या टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदास ६० चित्रें धरलीं, तर दर सेकंदास ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार ठिपके रंगवावयाचे! एवढी माहिती जशीच्या तशी सांठविणें परवडणारें नाहीं. म्हणून ती दाबून, जणूं घड्या घालून ठेवितात. घडी घालण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. २००३ सालची एच. २६४, २०१३ सालच्या एच. २६५ व व्ही. पी. ९, आणि २०१८ सालची ए. व्ही. १, या त्यांतील मुख्य होत. चित्र पाहतांना ती घडी उलगडावी लागते. हें काम संगणकाचा मुख्य प्रोसेसरही करूं शकतो, परंतु जुन्या प्रोसेसरची त्यांत दमछाक होते. ग्राफिक्सच्या चिपमध्यें मात्र ह्याच कामाकरितां स्वतंत्र रचना कोरलेली असते. ज्या पद्धतीसाठीं ती कोरली, त्याच पद्धतीची घडी ती उलगडते. मागाहून तिला नवी पद्धत शिकवितां येत नाहीं.

'स्वस्तांतलें कार्ड द्या' असें म्हटलें, कीं पुष्कळदां एनव्हिडियाच्या चिपचें जी. टी. ७१० हें कार्ड पुढें येतें. तें २०१६ सालचें. त्यावर दोन जी. बी. मेमरी आहे, असें मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येतें. परंतु चित्रणें पाहण्याशीं त्या मेमरीचा फारसा संबंध नाहीं. एच. २६४ ची घडी हें कार्ड सहज उलगडतें, एच. २६५ ची मुळींच उलगडीत नाहीं. आणि पुष्कळ नवे मोबाइल तर एच. २६५ मध्येंच चित्रण करितात! म्हणजे पैसे गेले, आणि नातीचें लग्न पूर्वींप्रमाणेंच अडखळत राहिलें. जी. टी. ७३० ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ह्या एकाच नांवाखालीं दोन निरनिराळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. कांहीं कार्डांत जुनी 'फर्मी', कांहींत तिच्या मागाहूनची 'केप्लर'. खोक्यावरील नांव वाचून घेणारास आंत काय आहे याचा पत्ता लागत नाहीं.

हा भेद लिनक्सवर फारच महत्त्वाचा ठरतो, तो ड्रायव्हरमुळें. कार्ड व प्रणाली यांच्यामधील हा दुभाषी. तो लिनक्सच्या गाभ्यांतच, म्हणजे कर्नेलमध्यें, समाविष्ट असला, तर कर्नेलबरोबर त्याचीही दुरुस्ती होत राहते. तो कंपनीनें आपल्या मुठींत ठेवला असला, तर कंपनीची इच्छा असेपर्यंतच तो टिकतो. फर्मी चिपेस लागणाऱ्या ३९० क्रमांकाच्या ड्रायव्हरचा सांभाळ एनव्हिडियानें २०२२ च्या अखेरीस सोडला. केप्लरच्या ४७० क्रमांकाचा २०२४ सालीं. कर्नेल पुढें जातें, ड्रायव्हर मागें राहतो, आणि एके दिवशीं प्रणाली अद्ययावत् करून यंत्र सुरू करावें तों पडदा काळा! स्वयंसेवकांनीं चिपांचें वर्तन बारकाईनें न्याहाळून 'नूवो' नांवाचा मोकळा ड्रायव्हर मोठ्या चिकाटीनें तयार केला आहे. त्यानें चित्र दिसतें. परंतु ह्या जुन्या कार्डांकडून घडी उलगडून घेण्यासाठीं कंपनीच्या ड्रायव्हरमधून कांहीं भाग वेगळा काढून बसवावा लागतो, आणि तें सामान्य गृहस्थाचें काम नव्हे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं २०१२ सालीं फिनलंडमधील एका विद्यापीठांत ह्या कंपनीस उद्देशून भर सभेंत जे शब्द काढले, ते आकाशवाणीवर उच्चारण्याजोगे नाहींत. तथापि न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे, कीं २०२२ च्या मे महिन्यांत एनव्हिडियानें आपल्या नव्या चिपांच्या ड्रायव्हरचा कर्नेलशीं निगडित भाग खुला केला. जुन्या चिपांस त्याचा लाभ नाहीं.

इंटेलचा ड्रायव्हर कर्नेलमध्येंच असतो. ए. एम्. डी. नें २००७ पासून आपल्या चिपांची माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि २०१५ सालीं तिचा सध्यांचा ड्रायव्हर कर्नेलमध्यें आला. दिवाणखान्यांतील यंत्राकरितां ह्या दोहोंपैकीं एकीकडे वळणें अधिक निर्धास्त होय. मात्र तेथेंही डोळे मिटून चालत नाहीं. ए. एम्. डी. चें २०२२ चें आर. एक्स. ६४०० हें छोटें कार्ड एच. २६५ उत्तम उलगडतें, परंतु त्याच्या थोरल्या भावंडांस येणारी ए. व्ही. १ त्यास येत नाहीं. इंटेलच्या आर्क ए. ३१० ला वरील चारही पद्धती येतात. मात्र त्याकरितां कर्नेल २०२३ मधील ६.२ किंवा त्यापुढील असावें.

परंतु दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगेल अशी एक गोष्ट आहे : कार्डाची गरजच नसेल! इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत ग्राफिक्सची चिप अंतर्भूत असते. सहाव्या पिढीपासून तिला साधें एच. २६५ येतें, सातव्या पिढीपासून अधिक रंगच्छटांचें दहा-बिट एच. २६५ ही येतें, आणि अकराव्या पिढीपासून ए. व्ही. १. असें यंत्र घरांत असूनही चित्र अडखळत असेल, तर दोष बहुधा मांडणींत असतो. फेडोरा ह्या लिनक्सच्या प्रकारानें २०२२ सालीं पेटंटच्या भीतीनें एच. २६४ व एच. २६५ यांची चिपेकडून होणारी उलगड मोकळ्या ड्रायव्हरांतून काढून टाकली. ती बाहेरील भांडारांतून निराळी बसवावी लागते. हें ठाऊक नसल्यास चांगल्या कार्डावरही विनाकारण ठपका येतो.

कार्ड घ्यावयाचेंच झाल्यास यंत्राचें झांकण आधीं उघडून पाहावें. कचेरींतून निघालेल्या बुटक्या यंत्रांत पूर्ण उंचीचें कार्ड मावत नाहीं. कमी उंचीचेंच मागावें लागतें. ज्या खांचेंत कार्ड बसतें, तिच्यांतून जास्तींत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डास वेगळी तार लागते, आणि ती अशा यंत्रांत बहुधा नसते. एच. डी. एम्. आय्. २.१ चा मोकळ्या ड्रायव्हरांत अंतर्भाव करण्याची ए. एम्. डी. ची योजना त्या मानकाच्या मंडळानें नाकारल्याचें २०२४ सालीं उघड झालें, याची पुष्कळ चर्चा झाली. परंतु सेकंदास १२० चित्रांचा हव्यास नसणारास तिचें भय नको. लग्नाच्या चित्रणास साठ पुरेत.

लिनक्स पेन ड्राइव्हवरूनही चालतें. संगणकावर कायमचें बसवावें लागत नाहीं. तेव्हां आपलें यंत्र, तसा एक पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर तेंच अडखळणारें चित्रण घेऊन दुकानांत जावें. कार्ड तेथेंच बसवून घ्यावें. प्रथम 'व्हीएइन्फो' ही आज्ञा चालवून कार्डास कोणत्या पद्धती येतात त्यांची यादी वाचावी, एच. २६५ तींत 'हेव्हिक' या नांवानें आढळेल. मग चित्रण लावून प्रोसेसरवरील भार पाहावा. तो शेंकडा नव्वदाच्या घरांत असेल, तर कार्ड स्वस्थ बसलें आहे. दहा-पंधराच्या आसपास असेल, तर पाकीट उघडण्यास हरकत नाहीं.