आम्हालाही नातेवाईक म्हणून बसू द्या

(समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण, घणसोली गाव)



वाशीचं वातानुकूलित सभागृह सोडून अधिवेशन आमच्या गावात भरवायला तुम्ही कबूल झालात, त्याचे आभार. स्टेशनवरून येताना पाटी सेक्टरची आणि वाट गावठाणाची, असा गोंधळ बऱ्याच जणांचा झाला असेल. तो आमचाही होतो.

अध्यक्षानं क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. घेते. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि रुग्णाचे हक्क कागदावर आले. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही हेल्पलाइन सुरू झाली. 14416 हा क्रमांक आता माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही पाठ असतो, ही चांगली गोष्ट. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार आढळला. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आपण सगळे तोच आकडा सगळ्या व्याख्यानांत वापरतो. मीही वापरते, दुसरा हाताशी नाही. अभ्यासक्रम, नोंदणी, परिषदा यांवर दुपारच्या सत्रात माझ्यापेक्षा जाणते लोक बोलणार आहेत. आढावा संपला.

आता ज्या विषयासाठी मी हे अध्यक्षपद स्वीकारलं, तो विषय.

दर दहांमागे एक, हे खरं असेल तर या मांडवात बसलेल्यांच्या घरांतही ते प्रमाण असणार. आपण काही लस टोचून घेतलेली नाही. तरीही आपल्या अधिवेशनांत आजवर एकाही माणसानं उठून 'माझ्या घरी रुग्ण आहे' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. आपण केस सांगतो, नाव बदलतो, वय बदलतो. ती सगळी माणसं दुसऱ्यांच्या घरची असतात.

माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आजार आहे. दादाची परवानगी घेऊन बोलते आहे. त्यानं हे भाषण परवा वाचलं, दोन वाक्यं खोडली आणि एक घालायला सांगितलं: 'घरात सगळ्यांत जास्त बडबड हीच करते.' घातलं.

तुमच्यापैकी जे शहरी दवाखान्यांत बसतात त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचं आगरी-कोळ्यांचं गाव. 1970 नंतर नवी मुंबई वसवायला सिडको आली, भातशेती गेली, मिठागरं गेली. पुढे गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड हातात आले, त्यांतले बरेच विकले गेले. अशा गावात एक माणूस अचानक दिलदार होतो. क्रिकेट स्पर्धेला मोटारसायकलचं बक्षीस जाहीर करतो, कुणाच्याही हळदीत हजारोंची उधळण करतो, दोन गाड्या बुक करतो, रात्री तीनला उठून तिसरी धुतो. पाठ्यपुस्तकात याला उन्मादाची लक्षणं म्हणतात. गावात याला 'शेठ' म्हणतात. मागे एका चर्चासत्रात आपले दोन विद्वान सहकारी तासभर भांडत होते की संस्कृतीच अशी खर्चिक असेल तर खर्च हे लक्षण धरायचं की नाही. मी तेव्हा बोलले नाही, आज बोलते. त्या वादाचा निकाल माझ्या वहिनीनं कधीच लावला आहे. ती पैशांकडे बघतच नाही. दादा लागोपाठ दोन रात्री झोपला नाही की ती मला फोन करते आणि बॅगेत त्याचे कपडे भरायला घेते. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. तिचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे.

वहिनीचा विषय निघालाच आहे तर दुसरा एक वादही मिटवून टाकते. आपण सगळे 'भावनिक तीव्रते'वर शिकवतो. लंडनमध्ये ब्राउन, लेफ, वॉन यांनी दाखवून दिलं की घरच्यांची टीका, राग आणि अतिकाळजी जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. चंदीगडला डॉ. विग आणि सहकाऱ्यांनी तेच मोजलं, तेव्हा आपल्याकडच्या घरांत टीका लंडनपेक्षा कमी निघाली. संशोधन मोलाचं आहे, मला ते मान्य आहे. मात्र त्यातून आपल्या पोरांनी काय उचललं? नातेवाईक आत आले की वहीत टिपायचं: पत्नी टीकाखोर. माझी वहिनी सकाळी दाराशी उभी राहून ओरडते, 'अकरा वाजले, उठता का पानी ओतू?' मोजपट्टीवर ही टीका. अवसादाच्या काळात महिनोन्‌महिने कूस न बदलणाऱ्या माणसाच्या दाराशी रोज सकाळी उभं राहून बघा, मग मोजपट्टी काढा. आणि दादा गोळ्या घेतो त्या फक्त तिच्या हातून. माझ्या अत्यंत संयत, पुस्तकी, 'तुला आज कसं वाटतंय' या आवाजाला तो पाठ फिरवतो.

त्याला कारण आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून देता येतो. दादानं आधी माझं नाव लिहिलं, मग खोडून वहिनीचं लिहिलं. मी विचारलं, का रे? वहिनीकडे बघत माझ्याबद्दल म्हणाला, 'ती घरान पन डॉक्टरीनच असतं.' मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञ आहे, हे गावाला समजावणं मी केव्हाच सोडलं. पण त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. त्याला बहीण हवी होती. आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे, कारण मला बहीण म्हणून बसायला आपल्या व्यवसायानं कधी खुर्चीच दिली नाही.

सांगते कसं ते. दादा पहिल्यांदा दाखल झाला तेव्हा ज्यांनी त्याला तपासलं ते चांगले डॉक्टर होते, नाव घेत नाही. इतर नातेवाइकांना ते दहा मिनिटं देत. आजार काय, औषध कुठलं, लिथियम असेल तर रक्तातली पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड कधी तपासायचं, घरात चाकू-पैसे-चाव्या कुठे ठेवायच्या, सगळं. माझी पाळी आली तेव्हा हसून म्हणाले, 'मॅडम, तुम्हाला काय सांगायचं!' मला सांगायचं होतं, हो. मी पदवीच्या वेळी लिथियमवर पानंच्या पानं लिहिली होती, पण त्या रात्री मला माझं नावही धड आठवत नव्हतं. पुढे त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, डोस वाढवू का, तुमचं मत काय? आईसमोर मी मान डोलावली. त्या दिवसापासून घरात प्रत्येक गोळीची जबाबदारी माझी झाली. दादाचा हात थरथरला, माझ्यामुळे. वजन वाढलं, माझ्यामुळे.

इतक्या वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांनी माझ्याशी दादाच्या निदानावर चर्चा केली. टाइप एक की टाइप दोन, यावर तर जेवणाच्या टेबलावर पैजा लागल्या. तुला झोप लागते का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. हाच प्रश्न आपण समोर आलेल्या कुठल्याही बहिणीला पहिल्या पाच मिनिटांत विचारतो.

बाहेरचे लोक वेगळं काय करतात? गावदेवीच्या देवळापाशी एक म्हातारी मला अडवून म्हणाली, 'तू लोकांची डोकी ठिकानावर आनतंस, मंग तुझे भावाचा कंदी आनशील?' शिकलेले लोक तेच 'दिव्याखाली अंधार' म्हणून सांगतात. म्हातारीचा मला राग येत नाही. तिनं निदान तोंडावर विचारलं. आपल्या माणसांनी माझ्याकडे रुग्ण पाठवणं हळूहळू कमी केलं, 'मॅडमना घरी टेन्शन आहे' असं कुजबुजून. हाडवैद्याचा पाय मोडला म्हणून कुणी त्याच्याकडे जायचं थांबवत नाही.

नियम मला माहीत आहे. आपल्या माणसावर उपचार करू नयेत. शहाणा नियम आहे. फ्रॉइडनं 1918 पासून स्वतःच्या मुलीचं, ॲनाचं मनोविश्लेषण केलं. मेलनी क्लाइनची मुलगी मेलिटा स्वतः मनोविश्लेषक झाली आणि ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेच्या सभांत आईवर जाहीर तुटून पडली. या गोष्टी आपण वर्गात चवीनं सांगतो, पोरं हसतात, तास रंगतो. पण नियम 'करू नका' म्हणून थांबतो. मग काय करा, हे सांगत नाही. एका आळीत माहेर, दोन आळ्या सोडून सासर, दवाखाना रेल्वेच्या पलीकडे, अशा बाईला 'अंतर राखा' म्हणून सांगणाऱ्यानं आधी घणसोलीचा नकाशा बघावा.

एकानं मात्र वेगळं केलं होतं. कुटुंबोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी 1967 साली फिलाडेल्फियाच्या एका परिषदेत नेहमीसारखा निबंध वाचण्याऐवजी आपल्याच आईवडील-भावंडांत आपण काय करून पाहिलं ते सांगितलं. आज कुटुंबोपचार शिकणाऱ्याला तो मजकूर टाळता येत नाही. पण 1972 मध्ये तो पुस्तकात आला तेव्हा लेखकाच्या जागी छापलं होतं 'अनामिक'. एवढ्या मोठ्या माणसाला! मी इथे गावात बोलते आहे, शेवटच्या रांगेत माझी चुलतबहीण बसली आहे, तेव्हा अनामिक राहायची सोय मला नाही.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. अमृतसरला 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबूंत उतरवलं आणि रुग्णासोबत ठेवून त्यांना शिकवलं. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तिथे व्यसनी माणसाच्या बायकोचं दुःख वेगळं धरलं जातं, तिच्यासाठी वेगळी बैठक असते. कॅल्गरीच्या विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या आजारातून शिकले, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली आणि 'देवराई' चित्रपटामागे उभे राहिले. वाणी ना मानसोपचारतज्ज्ञ, ना समुपदेशक. ते नवरा म्हणून बोलले आणि लोकांनी त्यांना नवरा म्हणून ऐकलं. मला त्यांचा हेवा वाटतो.

'देवराई' मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. 2004 चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. अतुल कुलकर्णींचा शेष सगळ्यांना आठवतो. भ्रम कुठला, भास कुठला, पोरं वहीत लिहून काढतात. त्याला शहरात आपल्या घरी आणणारी बहीण आहे, सोनाली कुलकर्णींनी केलेली सीना. तिचा संसार, तिचा नवरा, घरात वाढत जाणारा ताण, सगळं पडद्यावर आहे. मी विचारते, सीनाचं काय? वर्ग गप्प. एकदा एक मुलगी म्हणाली, 'मॅम, ती केअरगिव्हर आहे.' म्हणजे विषय संपला. वर्ग सुटल्यावर ती माझ्या मागे जिन्यापर्यंत आली. तिच्या आईला शेषसारखाच आजार होता. ती तीन वर्षं आमच्या विभागात शिकत होती आणि एकाही प्राध्यापकाला हे माहीत नव्हतं, कारण प्रवेशाच्या मुलाखतीत सांगितलं तर जागा मिळणार नाही असं तिला कुणीतरी बजावलं होतं. बजावणारा आपल्यातलाच होता, बरं का.

इकडच्या पट्ट्यात 'ठाण्याला पाठवा' म्हटलं की लहान पोरालाही अर्थ कळतो. 1901 पासून तिथं मनोरुग्णालय आहे. माझ्या लहानपणी ही शिवी होती. आता माझे रुग्ण रबाळे, ऐरोली करत लोकलनं ठाण्याला जातात, औषध घेतात, परत येऊन कामाला लागतात. गावानं तेवढी मजल मारली. आपण व्यावसायिक त्याच्या मागे आहोत. गावात दादाचा आजार सगळ्यांना माहीत आहे आणि क्रिकेटच्या मैदानावर तो पंच म्हणून उभा राहतो. माझ्या व्यवसायात मात्र तो आजवर नुसता कुजबुजीचा विषय होता.

काय करायचं ते थोडक्यात सांगते, तपशील कार्यकारिणीनं बघावा. ज्यांच्या घरी रुग्ण आहे अशा सहकाऱ्यांची एक बैठक सुरू करू, महिन्यातून एकदा, जागा मी देते. दुसऱ्या गावचे, ओळखीपाळखीत नसलेले असे काही तज्ज्ञ हवेत, जे सहकाऱ्याच्या घरच्यांना तपासतील आणि सहकाऱ्याला 'मॅडम तुम्हाला काय सांगायचं' म्हणणार नाहीत. अभ्यासक्रमाचंही काहीतरी करायला हवं, त्यासाठी समिती नेमावी लागेल, समित्यांचं काय होतं ते आपण जाणतो. तरीही नेमू.

बैठकीसाठी नावं द्यायची असतील तर दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. नाव लिहायचं नसेल तर नुसता फोन नंबर लिहा. आभारप्रदर्शन करणाऱ्यांना एक विनंती, 'प्रांजळ मनोगत' वगैरे म्हणू नका, मी भांडायला उभी राहिले होते. जेवणाच्या वेळी ज्यांना माझ्याशी बोलायचं आहे त्यांनी जरूर यावं. दादाचं निदान, त्याची औषधं, टाइप एक की दोन, हे सगळं त्याच्या डॉक्टरांना विचारा.