मठ, हॉटेल आणि आपलें देवमंदिर



ज्युबिलीच्या या मंगल दिनीं परमेश्वराचे आभार मानतांना एक प्रश्न आपणांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें: देवाचें घर कशानें टिकतें?

पोर्तुगालांतील एव्होरा नगरांत १४८५ सालीं शुभवर्तमानकार संत योहानाच्या नांवें एक मठ स्थापन झाला. १८३४ च्या राजाज्ञेनें त्या देशांतील पुरुषांचे सर्व मठ बंद होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. पुढें १९६५ सालीं त्या मठाचें हॉटेल झालें. जेथें धर्मबंधु राहत, त्या खोल्यांत आतां प्रवासी भाडें देऊन निजतात.

तीच आज्ञा १८३५ सालीं गोव्यांत अंमलांत आली. जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टिनच्या मठाचें मंदिर ओस पडलें. १८४२ त त्याचें छत कोसळलें, १९३१ त दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. पिलारच्या टेकडीवरचा १६१३ चा फ्रान्सिस्कन मठही त्याच आज्ञेनें ओस पडला होता. परंतु १८९० सालीं मिशनरी धर्मगुरू तेथें राहावयास आले, आणि तेथून सुवार्तिक आजही बाहेर पडतात.

हॉटेलास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्यानें भिंती राखल्या. ओसाडीपेक्षां तें बरें. परंतु संत बेनेडिक्टनें आपल्या नियमावलीच्या ५३ व्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, पाहुण्याचें स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताप्रमाणें करावें, आणि अधिक काळजी गरिबांची व यात्रेकरूंची घ्यावी. कारण श्रीमंताचा मान त्याच्या दबदब्यानें आपोआपच राखला जातो. हॉटेलाचें दार पैशानें उघडतें; मठाचें दार हाक ऐकून उघडत असे. भिंती त्याच राहिल्या, दार मात्र बदललें.

आपलें धाड बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसानें दगा दिलेल्या सालीं मुलेंबाळें घेऊन मजुरीस निघालेलीं कुटुंबें याच रस्त्यानें जातात. ज्युबिलीनिमित्त मंदिरास रंग द्यावा, फरशी घालावी, हें योग्यच आहे. पण त्यांतील एखादी थकलेली माउली रात्रीं आपल्या आवारांत आली, तर तिला भाकर, पाणी व पडवी मिळेल काय? मिळत असेल, तर हें देवाचें घर आहे. न मिळाल्यास, घंटा वाजत असतांही मठ बंद झालाच म्हणावयाचा.

तें दार उघडें ठेवण्याचें बळ प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो. आमेन.