वचनभंगाची किंमत

करार केला म्हणजे तो पाळला पाहिजे, हें शाळकरी मुलासही पटतें. परंतु अमेरिकन न्यायपंडित ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं १८९७ सालीं बोस्टन येथें दिलेल्या व्याख्यानांत या समजुतीसच हात घातला. कायद्याच्या दृष्टीनें करार पाळण्याचें कर्तव्य म्हणजे, तो न पाळल्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल एवढें भाकीत. त्यापलीकडे कांहीं नाहीं, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता.

पुढें या विचाराला हिशेबाची जोड मिळाली. रिचर्ड पोस्नर यांच्या १९७३ च्या ग्रंथानें तो विशेष प्रसिद्धीस आला, आणि आज ‘कार्यक्षम करारभंग’ अशा नांवानें त्याची चर्चा होते. समजा, कागदाच्या व्यापाऱ्यानें एका प्रकाशकास १,००० रुपयांचा कागद देण्याचें कबूल केलें. इतक्यांत एका वर्तमानपत्राचा सांठा संपला. त्याला कागद आजच हवा, आणि तो १,५०० रुपये मोजावयास तयार आहे. प्रकाशकाला घाई नाहीं. आठ दिवसांनीं त्याला तसाच कागद १,१०० रुपयांस मिळेल. व्यापाऱ्यानें करार मोडून प्रकाशकाला १०० रुपये भरून दिले, तरी त्याच्यापाशीं ४०० रुपये अधिक उरतात. वर्तमानपत्र निघालें, प्रकाशकाचें कांहीं बुडालें नाहीं. मग वचन मोडलें म्हणून रडावयाचें कोणीं? (कोर्टाची पायरी चढावी लागल्यास वकिलाची फी कोणाच्या खातीं, हें मात्र या गोड हिशेबांत सहसा लिहिलेलें नसतें.)

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचें ७३ वें कलम असेंच माप वापरतें. त्याखालील पहिलें उदाहरण ५० मण सोऱ्याचें आहे. विकणाऱ्यानें सोरा दिला नाहीं, तर ठरलेल्या भावाहून त्या वेळचा बाजारभाव जितका चढा असेल, तितकी रक्कम त्यानें द्यावी. एका प्रतीचा सोरा दुसऱ्या सोऱ्यासारखाच असतो. म्हणून तेथें हें माप चोख बसतें.

स्वतःच्या शेताचें तसें नाहीं. अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत एका दांपत्यानें १९५४ सालीं आपली जमीन कोळसा काढण्यासाठीं पांच वर्षांच्या करारानें एका कंपनीस दिली. जमीन उघडी खणावयाची होती. म्हणून काम संपल्यावर ती पुन्हां नीट करून देण्याचें कलम घातल्याखेरीज सही करावयास तीं दोघें तयार नव्हतीं. कंपनीनें कोळसा नेला आणि खड्डे व मातीचे ढीग तसेच ठेवले. जमीन सारखी करण्यास सुमारें २९,००० डॉलर लागले असते. तिची बाजारांतील किंमत मात्र त्यामुळें अवघी ३०० डॉलरनें वाढली असती. ज्यूरीनें ५,००० डॉलर देवविले. १९६२ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें, पांच विरुद्ध चार मतांनीं, ते ३०० वर आणले.

तीनशेंच्या लाभापायीं एकोणतीस हजार खर्चणें ही उधळपट्टी, असें सिद्धांताचे कैवारी म्हणतील. परंतु त्यांच्याच सिद्धांताची अट अशी कीं, ज्याचें वचन मोडलें तो पूर्वीइतकाच सुस्थितींत राहिला पाहिजे. त्या दांपत्याला जमीन विकून नफा करावयाचा नव्हता. त्यांना आपलें शेत हवें होतें, आणि तसें त्यांनीं सहीपूर्वींच बजावलें होतें. बाजाराचें माप लावतांच त्यांनीं मागितलेली वस्तूच हिशेबांतून गळाली. येथें कराराचा भंग झाला. ‘कार्यक्षम’ हें विशेषण मात्र त्याला शोभत नाहीं.

भारतांत विशिष्ट अनुतोषाच्या १९६३ च्या कायद्यांत २०१८ सालीं महत्त्वाची दुरुस्ती झाली. तत्पूर्वीं करार प्रत्यक्ष पाळावयास लावणें न्यायाधीशाच्या विवेकावर होतें, आणि पैशानें भागत असेल तेथें तसा हुकूम मिळत नसे. आतां कायद्यांतील अपवाद सोडल्यास तसा हुकूम देणें हाच नियम झाला आहे. शिवाय नव्या २० व्या कलमानें आणखी एक वाट मोकळी केली आहे: करारांत अन्यथा ठरलें नसल्यास, किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन काम दुसऱ्याकडून करवून घ्यावें, आणि प्रत्यक्ष झालेला खर्च करार मोडणाऱ्याकडून वसूल करावा. ओक्लाहोमाच्या त्या शेतकऱ्यांपाशीं असें कलम असतें, तर खड्डे आधीं बुजले असते आणि बिल मागाहून कंपनीकडे गेलें असतें.