पिंजरा आधी की गोठा आधी?

मैत्रिणींनो, कामं आवरली का? नसतील आवरली तरी चालेल. हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज हप्ते आणि व्याज यावर बोलणार नाही, बिबट्यावर बोलणार आहे. पण सुरुवात कर्जाच्या वहीपासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका मावशींना चार शेळ्यांसाठी कर्ज मंजूर झालं. अर्ज मीच लिहिला. बोकड कितीला जाईल, हप्ता कसा फेडाल, सगळं विचारलं. रात्री शेळ्या बांधणार कुठं, एवढं मात्र विचारलं नाही. त्या बांधल्या छपरात, पुढं नुसता तुराट्यांचा कूड. दिवाळीनंतर शेजारचा ऊस तुटला आणि आठ दिवसांत तीन शेळ्या गेल्या. पंचनामा झाला, भरपाईचा अर्जही गेला, पण हप्त्याची तारीख काही थांबत नाही. मावशी बैठकीत म्हणाल्या, "ताई, तुमच्या कागदावर बिबट्याचा रकाना नव्हता का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच बैठकीत सगळ्या म्हणाल्या, पिंजरा मागू. बिबट्या धरा आणि लांब जंगलात नेऊन सोडा. मीही हो म्हणाले. अर्ज लिहायला बसले तेव्हा वाटलं, आधी जरा माहिती घ्यावी. ती घेतली आणि माझाच विचार बदलला.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ पासून हेच केलं होतं. बिबटे धरायचे आणि दुसरीकडच्या जंगलात सोडायचे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. आधी तिथं माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ वर गेले, आणि हल्ल्यात जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. असं का व्हावं? नव्या जागी सोडलेला बिबट्या गोंधळतो, घराकडं निघतो, अनोळखी गावांतून वाट काढतो. २००९ मध्ये आपल्याच नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा रेल्वेचे रूळ आणि हमरस्ते ओलांडून साधारण १२० किलोमीटर चालले आणि थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले! त्यांच्यावर पुढं सिनेमाही निघाला. आणि इकडं आपल्या उसात जागा मोकळी झाली, की तिथं दुसरा बिबट्या येतोच.

दुसरा अभ्यास तर आपल्या शेजारचा, अकोले तालुक्यातला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊलवाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून एकेक ओळखला. जिथं जंगल नाही, नुसती शेतं आणि वस्त्या आहेत, तिथं दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ५ बिबटे निघाले. तरसंही जवळजवळ तेवढीच. म्हणजे हा वाट चुकलेला पाहुणा नाही. उसातच त्याचा जन्म, उसातच त्याचं घर.

मग तो खातो काय? त्याची विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले. त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांचा फक्त ११ टक्के. गंमत म्हणजे त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! कुत्री मोकाट फिरतात, शेळ्या राखलेल्या असतात. जे सहज मिळतं, ते तो उचलतो. मैत्रिणींनो, मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं.

आता कुणी म्हणेल, ताई बिबट्याची बाजू घेतात. तसं नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत माणसं गेली आहेत, लहान लेकरं गेली आहेत. त्या आईला आकडे सांगून काय उपयोग? माणसावर हल्ला करणारा बिबट्या धरायलाच हवा आणि ते वनखात्याचं काम आहे. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा मागून आपली लेकरं सुरक्षित होत नाहीत. त्यासाठी आपल्याला काही गोष्टी कराव्या लागतील.

शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. जाळी मजबूत, दाराला कडी. संध्याकाळी लेकरू अंगणात एकटं सोडायचं नाही. अंधारात बाहेर जाताना दोघी मिळून जा, बॅटरी घ्या, मोठ्यानं बोला. उसाशेजारी खुरपायला वाकताना एकीनं उभं राहून लक्ष ठेवा, कारण वाकलेलं माणूस लहान दिसतं. उरलेलं अन्न आणि कोंबड्यांची घाण घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं तो येतो. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला घेरू नका, त्याला जायला वाट ठेवा.

ऊसतोडणीत बछडी सापडली तर फोटोसाठी उचलू नका, घरी आणू नका. आई जवळपासच असते. वनखात्याला कळवा, १९२६ हा नंबर लिहून ठेवा. खात्याची माणसं बछडी तपासून रात्री त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जाते. पिल्लं हरवलेली आई कशी होते, ते तुम्हाला मी काय सांगू?

आमच्या गटानं शेवटी दोन अर्ज लिहिले. एक, वस्तीवरच्या खांबांना दिवे द्या म्हणून. दुसरा, शेतीची वीज दिवसा द्या म्हणून, म्हणजे घरच्या माणसांना रात्री पाणी धरायला जावं लागणार नाही. दिवे लागले. दिवसाच्या विजेसाठी अजून हेलपाटे चालू आहेत. आणि शेळ्यांच्या कर्जाच्या अर्जावर मी हातानं एक रकाना वाढवला : "गोठा बंदिस्त आहे का?" नसेल तर आधी जाळीला पैसे, मग शेळीला. मावशींनी पुन्हा दोन शेळ्या घेतल्या आहेत. परवा गेले तेव्हा दाराची कडी मला तीनदा वाजवून दाखवली.

आज रात्री झोपण्याआधी तुमच्या गोठ्याची कडी एकदा तुम्हीही बघा. येते मी. नमस्कार!