तणाव्याचा खुंटा



हौशी रेडिओवाल्याचा मनोरा दिसला की आपण वर एरियलकडे पाहतो. आज मी तुम्हांला खाली पाहावयास सांगणार आहे. वर चढणाऱ्या मजुराचा जीव जमिनीतल्या तीन खुंट्यांना बांधलेला असतो.

मनोरा ३० मीटर उंच धरा. तणावे तीन दिशांना, सारख्या अंतरावर द्यावेत. खुंटा बुडापासून उंचीच्या सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे २४ मीटर दूर असावा. तो १२ मीटरवर आणला, तर वारा तेवढाच असूनही तणावा मनोऱ्याला दुप्पट जोराने खाली दाबतो.

दुसरी गोष्ट मातीची. तापीकाठची काळी जमीन वैशाखात भेगाळते, पावसात फुगते. वर ठोकलेली पहार आज घट्ट, उद्या सैल. म्हणून भेगांच्या खाली जाईल एवढा खड्डा घ्यावा, तळाशी काँक्रीटचा ठोकळा पुरावा, वर मुरूम धुमसावा. साक्रीकडच्या माळावर खडक लवकर लागतो. तिथे खडकातच भोक पाडून सळई बसवावी. पहिला पाऊस झाला की ताण पुन्हा तपासावा.

शेतमालक म्हणतो, "खुंटा बांधावर घ्या, औत अडते." त्याचेही खरे आहे. मग मनोरा ठेंगणा करा. एका कामावर खुंटा असा जवळ आणलेला मी पाहिला आणि गप्प राहिलो. पावसाळ्यात मनोरा कलला. वरचा पोरगा सावकाश उतरला म्हणून वाचला. माझे ते गप्प राहणे मला अजून बोचते.

चढण्याआधी तिन्ही खुंटे तपासण्याचा, आणि नाही म्हणण्याचा, हक्क मजुराचा आहे. एवढे आपण मानलेत तर माझे बोलणे कारणी लागले.