पोचली आणि खाली झाली



वाहतूकदारांच्या सभेत अध्यक्षाने धंद्याच्या सगळ्याच दुखण्यांना हात लावावा, असा रिवाज आहे. डिझेल, टोल आणि चालकांचा तुटवडा या विषयांवर आज ठराव आहेत, ते मांडणारी माणसंही जाणती आहेत. मी बोलणार आहे ते आपल्या सॉफ्टवेअरमधल्या एका रकान्याबद्दल. ‘गाडी लागली’, ‘भरून निघाली’, ‘रस्त्यात’, ‘पोचली’, ‘खाली झाली’, ‘पोच आली’ अशा नोंदी ज्यात पडतात, तो स्टेटसचा रकाना. गिऱ्हाइकाचा फोन आला की उत्तर देता यावं, एवढ्यासाठीच आपण तो भरतो. माझं म्हणणं असं की तो हिशेबाचा कागद आहे आणि हिशेबासारखाच भरला पाहिजे. तसा भरायला घेतला की सर्वांत मोठं भोक सापडतं ते ‘पोचली’ आणि ‘खाली झाली’ यांच्या मधल्या वेळाचं.

आज आपण जमलो आहोत त्या पनवेलला हा विषय परका नाही. बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 साली खुला झाला, तेव्हा मुंबईचा माल होडीने पनवेलच्या बंदरात येई आणि इथून बैलगाडीने घाट चढे. गाडीची चाकं बनवणं हा या गावाचा मुख्य उद्योग होता आणि देशावरचा गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. 1989 मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची एमआयडीसी, पुण्याकडचा द्रुतगती मार्ग आणि कोकणात उतरणारा महामार्ग यांच्या मधोमध आज पनवेल आहे. होडीतून गाडीत असो की जहाजातून ट्रेलरवर, इथे माल कायम हात बदलत आला आहे, आणि माल हात बदलतो तिथे तो थांबतोच. म्हणूनच पनवेलच्या गाड्यांचं नफा-नुकसान पळण्यापेक्षा उभं राहण्यावर जास्त ठरतं. आपली सॉफ्टवेअरं मात्र पळणाऱ्या गाडीवरच डोळा ठेवून बसलेली आहेत.

कळंबोलीहून लोखंडी कॉइल भरून एखादी गाडी नागपूरकडच्या कारखान्याला निघाली असं धरा. अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाला 1 जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे चार-पाच दिवसांची मुदत. गाडी तिसऱ्या दिवशी कारखान्यापाशी जाते. चालक फोन करतो, कार्यालयातला मुलगा ‘पोचली’ दाबतो. पडद्यावरची ओळ हिरवी होते आणि त्या गाडीकडे पाहणं तिथेच संपतं. इकडे कारखान्यात क्रेन मोकळी नाही, शनिवार-रविवार आडवा येतो, आणि कोणाच्या लक्षात न येता ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री सरते. मुदत वाढवून घ्यायला संपण्याआधीचे 8 तास आणि नंतरचे 8 तास एवढीच सवड असते. ती हुकल्यावर तपासणी झाली तर जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली कराच्या दुप्पट दंडाचा प्रश्न उभा राहतो. वाटेत गाडी पंक्चर झाली असती तर कार्यालय जागं राहिलं असतं. पोचल्याची नोंद झाली म्हणून ते झोपलं.

बंदराच्या कामात तर याहून मौजेची गोष्ट घडते. आयातीचा कंटेनर चाकण किंवा तळोज्याच्या कारखान्यात रिकामा झाला की बहुतेक सॉफ्टवेअरं फेरी पूर्ण झाल्याचं दाखवतात. कारखान्याच्या दृष्टीने ते खरंही आहे, माल मिळाला. पण डबा शिपिंग लाइनचा आहे. तो ठरलेल्या यार्डात उतरवून तिथली पावती हातात येईपर्यंत आपली गाडी बांधलेलीच असते. यार्ड भरलेलं असलं की चालकाला दुसरीकडे पाठवतात. लाइनने दिलेले मोफत दिवस उलटले की डब्याचं डिटेन्शन, म्हणजे उशिराचं भाडं, वेगळं. म्हणजे धंद्यातला सर्वांत अनिश्चित टप्पा, आणि आपल्या पडद्यावर त्याला नावच नाही. ‘रिकामा डबा परत’ ही नोंद ज्यांनी सुरू केली नसेल, त्यांनी उद्या सकाळी करावी. त्यासाठी ठरावाची वाट पाहू नये.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा. जीपीएस आहे, फास्टॅग आहे, बंदरातल्या कंटेनरवर 2016 पासून आरएफआयडीचं टॅग लागतं, 2022 पासून सरकारचं यूलिप हे वाहतुकीच्या माहितीचं व्यासपीठ आहे. मग माणसाने नोंद करायची गरजच काय? ही साधनं उपयोगी आहेत, यात शंका नाही. द्रुतगती मार्गावरच्या खालापूर आणि उर्से या दोन टोलनाक्यांच्या वेळा ताडून पाहिल्या तर गाडी घाटात किती अडकली ते कोणालाही कळेल. पण थांबलेली गाडी का थांबली, हे उपग्रहाला दिसत नाही. चालक जेवतोय, टायर बदलतोय, की फाटक उघडायची वाट पाहतोय? नकाशावर तिन्ही ठिपके सारखेच. शिवाय कित्येक कारखाने गाडी फाटकापाशी उभी करू देत नाहीत. चालक एखाद-दोन किलोमीटर अलीकडे ढाब्यावर थांबतो, आणि सॉफ्टवेअरने कारखान्याभोवती आखलेल्या वर्तुळाच्या तो बाहेरच राहतो. यंत्राच्या लेखी गाडी अजून पोचलेलीच नसते. आता कारखान्याची बाजू पाहा. पहारेकऱ्याच्या रजिस्टरात ‘आत’ची वेळ लिहिली जाते ती गाडी फाटक ओलांडते तेव्हाची. रांगेत गेलेली अख्खी रात्र ना त्यांच्या वहीत, ना आमच्या नकाशात. नंतर हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याच्या पैशांचं, बिल पाठवलं की कंपनीचा माणूस रजिस्टरची झेरॉक्स पुढे करतो, आणि कागदावर तो खोटंही बोलत नसतो.

म्हणून ‘पोचली’ या एका नोंदीच्या तीन नोंदी कराव्यात, असं मी सुचवतो: वर्दी दिली, आत घेतली, खाली करायला लागली. वर्दी चालकाने द्यायची, मोबाइलवरून, फाटकाचा फोटो आणि वेळ यांसह, आणि तिचा संदेश त्याच क्षणी माल घेणाऱ्याच्या कार्यालयातही पडला पाहिजे. महिन्याने दाखवलेल्या नोंदीवर वाद होतो. तेव्हाच कळवलेली नोंद नाकारणं अवघड जातं. प्रत्येक नोंदीसमोर ती कोणी केली, चालकाने, कार्यालयाने की यंत्राने, हेही दिसावं. गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून भरती चालू असतानाच ‘निघाली’ दाबण्याची आपल्यातली सवय तेवढ्याने पुष्कळ कमी होईल. नोंद करणाऱ्याचं नाव लागलं की हात जरा जपून चालतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एक-दोन गाड्यांचा मालक म्हणेल, मोठ्या कंपनीपुढे आमचं चालतंय कुठे? नोंद केली म्हणून हॉल्टिंग मिळणार आहे का? लगेच मिळणार नाही, हे मी मान्य करतो. जास्त ओरडलं तर पुढचं भाडं दुसऱ्याला जाईल, ही भीतीही खरी आहे. पण याच महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी लावून धरली, ती काही एका दिवसात कोणाच्या गळी उतरली नव्हती. माल उतरवण्याची मजुरी मालवाल्याची असेल, तर तो उतरवून घेण्याआधी गाडी अडवून ठेवल्याचा खर्चही त्याचाच, हे त्याच न्यायाने येतं. फरक एवढाच की हमालीची रक्कम समोर दिसते, वाट पाहण्याची दिसत नाही. ती दिसावी म्हणून बिल्टीवरच लिहायला लागूया: इतके तास मोफत, पुढे तासाला इतकं. 2007 च्या रस्ते मालवहन कायद्याने माल घेतल्याची पावती, म्हणजेच बिल्टी, हा आपल्या धंद्याचा पाया ठरवला आहे. अट त्याच कागदावर छापलेली असली आणि वेळा सॉफ्टवेअरमध्ये असल्या, तर एकट्या मालकाचंही भांडण निदान तोंडी राहत नाही.

तिसरा आक्षेप चालकांकडून येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही नवी पाळत आहे, असं ते म्हणतात. खरंच आहे, आजवर स्टेटस म्हणजे चालक कुठे रेंगाळला ते पकडण्याचं साधन होतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याची कामाच्या तासांची व्याख्या पाहा. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच तो त्यात धरलेला होता. ज्या कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास दिले, त्याच कायद्याने फाटकाबाहेरची रात्र मोजणीबाहेर ठेवली. वर्दीची नोंद चालकाच्या हातात गेली तर उशीर कोणामुळे झाला, याचा पुरावा पहिल्यांदा त्याच्याकडे येईल. अट मात्र एक: हॉल्टिंगचे पैसे आले की त्यातला वाटा चालकाला मिळालाच पाहिजे. नाहीतर तो कशाला फोटो काढेल? आणि गाडी खाली होऊन चालक सुट्टीवर गेल्यावर त्याच्या फोनचं ठिकाण पाहत बसणं आपण बंद करावं. 2023 च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही संमती ज्या कारणापुरती घेतली त्या कारणापुरतीच धरली आहे.

असा एक उशीर उरतो, ज्याचं बिल कोणाच्याच नावावर फाडता येत नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते. गाड्या पळस्प्याला, खारपाड्याला उभ्या राहतात. या थांब्याला ‘शासकीय आदेशाने’ असं वेगळं स्टेटस द्यावं. पैसे त्यातून मिळणार नाहीत. पण अशा गाड्या किती आणि किती तास उभ्या राहिल्या, हे आपल्यापैकी प्रत्येकाने एका हंगामात नोंदवलं, तर पुढच्या वर्षी बंदीच्या वेळा आणि उभं राहण्याच्या जागा ठरवताना प्रशासनापुढे गाऱ्हाण्याऐवजी आकडे ठेवता येतील. या नोंदी ज्यात पडायच्या, ती सॉफ्टवेअरं बनवणारे दुपारच्या सत्रात इथे असणार आहेत. त्यांना नकाशा किती सुंदर दिसतो ते विचारू नका. वर्दीची वेळ चालकाला स्वतः मराठीत, दोन बटणांत नोंदवता येते का, आणि कार्यालयातून ती मागाहून बदलली तर जुनी वेळ तशीच जपून ठेवली जाते का, एवढं विचारा.