पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे

(बोईसर येथे पालक आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शालेय विज्ञानाच्या पुस्तकात पोषणाचा पाठ असतो. कर्बोदके, प्रथिने, मेद, जीवनसत्त्वे, खनिजे ही नावे मुले मुखोद्गत करतात. रक्तक्षयाची व्याख्या लिहून गुणही मिळवतात. परीक्षा संपली की पुस्तक कपाटात जाते आणि ताट मात्र पूर्वीसारखेच राहते. ज्ञान आणि आचरण यांतील ही दरी आपल्या जिल्ह्याला परवडणारी नाही.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा उभा महाराष्ट्र हादरला. २०१४ साली ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला, अनेक योजना आल्या. तरीही जव्हार-मोखाड्याच्या कपाळीचा कुपोषणाचा शिक्का पुसला गेला नाही. त्याच जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे, औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरच्या घरोघरी पगार येतो. मग आपल्या मुलांच्या डब्यात वेफर्स, बिस्किटे आणि नूडल्स का असावेत? पाड्यावरच्या मुलाला अन्न कमी पडते. आपल्या मुलाचे पोट भरते, पण लोह, कॅल्शियम आणि प्रथिने यांची भूक तशीच राहते. या भुकेने पोटात कावळे ओरडत नाहीत, म्हणून ती आईच्याही लक्षात येत नाही.

रक्तातील हिमोग्लोबिनला लोह लागते. तेच प्राणवायू पेशीपेशींपर्यंत पोहोचवते. बारा वर्षांवरील मुलीच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते १२ ग्रॅमहून कमी असेल, तर तो रक्तक्षय होय. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, वर्गात तिचे लक्ष लागत नाही आणि आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो!

उपाय आपल्या मातीतच आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. गव्हात त्याच्या कितीतरी पट कमी. शेवग्याचा पाला आहे, कडधान्ये आहेत, मत्स्याहार करणाऱ्यांसाठी सातपाटीची मासळी आहे. उसळीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. यासाठी वेगळा खर्च नाही, केवळ जाण हवी.

ही जाण कशी द्यावी, याचा आदर्श दूर शोधायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात गेली. मुलांची आंघोळ आणि स्वच्छता हा तेथे शिक्षणाचाच भाग होता.

म्हणून माझी विनंती आहे. शिक्षकांनी पोषणाचा पाठ मुलांनी काल काय खाल्ले, या प्रश्नाने सुरू करावा आणि दर तीन महिन्यांनी उंची-वजनाची नोंद ठेवावी. पालकांनी मुलांना रोज किमान एक तास मैदानावर सोडावे. खो-खो, कबड्डी, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. जागतिक आरोग्य संघटनाही पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला साठ मिनिटांची हालचाल आवश्यक मानते. आणि घरी नाचणी-वरई आणाल, ती शक्यतो जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याकडून घ्या. त्यातून आपल्या मुलाची हाडे बळकट होतील आणि तिकडच्या घरात चार पैसे जातील.

पुस्तकातला पाठ ताटात उतरला, तरच तो शिकवला असे म्हणता येईल.